खुर्ची आली, तास तेच राहिले: घरून कॅशलेस क्लेम तपासणाऱ्या एका कर्मचारी महिलेचं प्रकरण

हे प्रकरण संबंधित बाईंच्या संमतीने लिहिते आहे. त्यांची किंवा कंपनीची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. मी व्यवसायजन्य आरोग्याचं काम करणारी डॉक्टर. कंपन्यांसाठी सल्लागार म्हणून जाते आणि टाळेबंदीच्या काळात बहुतेक तपासण्या व्हिडिओ कॉलवर करत होते. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यामुळे ते शक्य झालं.

पार्श्वभूमी

बाई ४१ वर्षांच्या, राहायला डोंबिवली पूर्वेला. ठाण्यातल्या एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्या मधल्या संस्थेत, त्या कॅशलेस डेस्कवर काम करत. रुग्णालयाकडून विनंती येते. पॉलिसी चालू आहे का, विम्याची रक्कम किती शिल्लक आहे, कागद पुरेसे आहेत का, हे बघायचं आणि मंजुरी द्यायची किंवा क्वेरी काढायची, म्हणजे रुग्णालयाकडे आणखी माहिती मागायची. साथीच्या काळात या डेस्कवरच्या माणसांबद्दल कुणी फारसं बोललं नाही. पण रुग्णालयाच्या काउंटरवर पैशांची जुळवाजुळव करत उभ्या असलेल्या नातेवाइकाचा पुढचा तास याच लोकांच्या हातात होता. एप्रिल २०२० मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामक संस्थेने, कॅशलेस विनंतीवर दोन तासांत निर्णय द्यावा असं विमा कंपन्यांना सांगितलं. नियम रास्त होता, रुग्णांच्या भल्याचा होता. त्यासाठी लागणारी जादा माणसं मात्र बऱ्याच ठिकाणी नेमली गेली नाहीत.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीने लॅपटॉप हातात दिले आणि ऑफिस बंद केलं. घर वन बीएचके. माणसं चार: बाई, त्यांचे यजमान, सहावीतला मुलगा आणि सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई. यजमान औषधनिर्मिती कारखान्यात, म्हणजे अत्यावश्यक सेवेत. ते सकाळी बाइकवरून जात, रात्री येत. घरकाम करणाऱ्या मावशींना सोसायटीने काही महिने आत येऊ दिलं नाही. जूनपासून मुलाचे ऑनलाइन तास सुरू झाले आणि तेही बाईंच्याच मोबाइलवर.

घरात टेबल नव्हतं. पहिले काही दिवस दिवाणावर मांडी घालून काम झालं. पाठ धरली तेव्हा सासूबाईंचं पायाने चालवायचं शिलाई मशीन पुढे आलं. डोकं आत दुमडून वर फळी टाकली की लॅपटॉप मावतो. पुढचे सहा महिने तेच ऑफिस होतं.

तक्रार

ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीच्या एचआरकडून त्यांचं नाव माझ्याकडे आलं. सोबत एवढंच लिहिलेलं: मानदुखी, खुर्चीचा भत्ता दिला आहे, तरी तक्रार चालू.

व्हिडिओवर त्यांनी आधी मानेबद्दलच सांगितलं. रात्रीचं विचारल्यावर मात्र त्या थांबल्या. पहाटे तीनच्या सुमाराला उजवा हात बधिर होऊन जाग येते, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, पलंगाच्या कडेला बसून हात झटकला की पाच-दहा मिनिटांनी बरं वाटतं, असं त्या म्हणाल्या. हात झटकण्याची ही खूण डॉक्टरला फार काही सांगून जाते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून मीडियन नावाची नस जाते आणि तिच्यावर दाब आला की नेमकं असंच होतं. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. दोन्ही मनगटं खाली वाकवून हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायला सांगितलं. अर्ध्या मिनिटातच मुंग्या आल्या.

मग मी त्यांना फोन हातात घेऊन कामाची जागा दाखवायला सांगितली. मशीनचं चाक उजव्या बाजूला. गुडघा त्याला लागू नये म्हणून त्या कंबरेतून डावीकडे तिरक्या बसत. पाय लोखंडी पायडलवर, ते सारखं हलणारं. फळीची कड नेमकी दोन्ही मनगटांखाली, आणि ती इतकी उंच की पंजे मनगटापासून वर वळलेले. उजव्या मनगटावर त्या कडेची लालसर रेघ उमटलेली दिसत होती. लॅपटॉपचा पडदा खाली, म्हणून मान दिवसभर वाकलेली.

कंपनीच्या भत्त्यातून आणलेली खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी होती, तिच्यावर धुतलेले कपडे. मोठ्या हातांची, चाकांची, ऑफिसला शोभेल अशी. मशीनपाशी ती शिरत नव्हती, आणि हॉलमध्ये ठेवली तर रात्री गाद्या घालता येत नव्हत्या.

खरी अडचण

इथपर्यंत हे बैठकीचं प्रकरण वाटत होतं आणि बहुतेक अहवाल इथेच संपतात. त्यांच्याच एका वाक्याने दिशा बदलली. १२ ऑक्टोबरला मुंबई-ठाणे पट्ट्यातली वीज गेली होती, त्या दिवशी काम जवळजवळ झालंच नाही. "त्या रात्री मी सकाळपर्यंत झोपले, डॉक्टर. हाताने उठवलंच नाही." एका रात्रीवरून निदान होत नाही. पण जागा तीच, मशीन तेच, आणि तास गेल्यावर त्रास गेला, हे दुर्लक्ष करण्याजोगं नव्हतं.

आठवडाभर रोज लॉगिन आणि लॉगआउटची वेळ वहीत लिहायला सांगितलं. शिफ्ट कागदावर नऊ ते सहा. वहीत सकाळी साडेआठ ते रात्री नऊ, मध्ये स्वयंपाकासाठी तुटक वेळ, शनिवार धरून सहा दिवस. आठवड्याला साठ तासांच्या वर.

दुसरी गोष्ट सासूबाईंकडून कळली. कंपनीच्या प्रणालीत पाच मिनिटं माउस हलला नाही की नावापुढे "आयडल" येतं आणि त्याचा रिपोर्ट टीएलकडे, म्हणजे टीम लीडरकडे, जातो. सून बाथरूमला गेली की सासूबाई मशीनपाशी बसून माउस हलवत. त्यांनी ते अगदी सहज सांगितलं, घरातल्या एखाद्या कामासारखं. मग मी पाण्याबद्दल विचारलं. दुपारपर्यंत एक पेला, कारण जास्त प्यायलं की उठावं लागतं. पावसाळ्यात दोनदा लघवीला जळजळ झाली होती आणि दोन्ही वेळा दुकानातून गोळ्या आणून भागवलं होतं. मानदुखीसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, त्याने पित्त, पित्तासाठी आणखी एक गोळी. एचआरच्या एका ओळीत यातलं काहीच नव्हतं, आणि ते असण्याची अपेक्षाही नव्हती. या गोष्टी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

समोर असलेले पर्याय

सुट्टी हा पहिला विचार. अर्जित रजा थोडी शिल्लक होती. पण दहा दिवस हाताला आराम देऊन परत त्याच फळीवर तितकेच तास बसवण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्यांचे क्लेम त्याच टीममधल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर पडणार होते.

जागा बदलणं गरजेचंच होतं, पण तेवढ्याने भागेल असं मला वाटलं नाही. बारा तास उत्तम खुर्चीत बसलं तरी ते बारा तासच.

ऑफिसला परत जायचा पर्याय त्याच आठवड्यात अचानक उघडला. २१ ऑक्टोबरपासून महिलांना लोकलने प्रवासाची परवानगी मिळाली, सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. बाईंना हे हवं होतं. "तिथे निदान चहाला उठता येतं," त्या म्हणाल्या. पण नऊच्या शिफ्टला या वेळा जुळत नव्हत्या, ऑफिसचा मजला अजून बंद होता, आणि घरात सत्तरीची मधुमेही व्यक्ती, लस अजून आलेली नाही. आम्ही दोघींनी मिळून हा पर्याय बाजूला ठेवला. माझ्या मते तेव्हा तो निर्णय योग्य होता, जरी त्यांच्या मनाच्या आरोग्याला ऑफिसची गरज जास्त होती.

उरला तासांचा आणि विश्रांतीचा प्रश्न, म्हणजे कंपनीशी बोलणं. इथे त्या घाबरल्या. त्या काळात आजूबाजूला पगारकपात आणि नोकरकपात दोन्ही चालू होतं. "मॅडम, हाताचं कळलं तर मला डेस्कवरून काढतील."

केलेल्या गोष्टी

पहिला निर्णय पत्राबद्दलचा. कंपनी मला पैसे देते, पण रुग्ण माझ्यासमोर बसलेली आहे. निदान कंपनीला कळवायचं नाही, फक्त काम करताना काय जपायला हवं एवढंच लिहायचं, हे आम्ही ठरवलं. पत्रात तीन गोष्टी आल्या: दिवसाला नऊ तासांवर काम नको, दर तासाला पाच मिनिटं आणि जेवणाला सलग अर्धा तास उठता आलं पाहिजे, वेगळा कीबोर्ड आणि माउस द्यावा. पत्राचा मसुदा आधी त्यांना वाचून दाखवला.

त्याच वेळी रक्ततपासणी करून घेतली, घरी येऊन नमुना नेणाऱ्या लॅबकडून. हा विकार फक्त कीबोर्डमुळे होतो असं म्हणणं धाडसाचं आहे. थायरॉइड मंदावलेला असला, मधुमेह असला तरी नसेवर दाब येतो, आणि चाळिशीतल्या बाईला तपासल्याशिवाय "कॉम्प्युटरमुळे आहे" म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड ठीक निघालं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. स्टेशनपर्यंतची चाल आणि पुलाचे जिने बंद झाल्यापासून चालणंच संपलं होतं, हे त्याला जोडून बघायला हवं.

घरात काय केलं ते थोडक्यात. बेडरूमच्या भिंतीला सुताराकडून बिजागरीची फळी बसवून घेतली, काम झालं की खाली दुमडणारी. बसल्यावर कोपर काटकोनात येईल इतकीच उंच आणि पुढची कड घासून गोल केलेली. लॅपटॉप दोन पाटांवर, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. तिसरा पाट पायाखाली. कंपनीची खुर्ची परत करून बिनहातांची साधी खुर्ची घेतली, कंबरेला टॉवेलची गुंडाळी. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे. गोळ्या बंद, मानेचे आणि खांद्यांचे व्यायाम सुरू. यजमानांना मी मुद्दाम कॉलवर बोलावलं. रात्रीची भांडी आणि सकाळचा डबा त्यांच्याकडे गेला. थोडी कुरकुर झाली, पण पट्टा बांधलेला हात त्यांना दिसत होता.

कंपनीशी बोलणं इतकं सोपं गेलं नाही. एचआरचं म्हणणं, लॉगिन म्हणजे काम नव्हे, लोक घरी आहेत, मधे मधे घरचंही करतात. टीएलचं म्हणणं वेगळं आणि जास्त खरं होतं: "डॉक्टर, क्यूमध्ये माणसं अडकलेली असतात. मी थांबा कसं म्हणू?" या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी त्यांच्यापुढे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम ठेवला. तेव्हा त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर असं होतं. कर्मचारी घरून काम करतो म्हणून ही मर्यादा उठत नाही.

अडलेलं गाडं कायद्याने हललं नाही. मी टीएलना एवढंच सुचवलं की टीमला निनावी विचारून बघा, रात्री हात बधिर होऊन कुणाकुणाला जाग येते. बऱ्याच जणांनी होय म्हटलं, आणि खुद्द टीएलच्याही हाताला मुंग्या येत होत्या. त्यानंतर महिन्याभरात तीन बदल झाले. प्रणालीत "आरोग्य विश्रांती" असा कोड आला, तो टाकला की आयडल मोजलं जात नाही. टीमची दोन शिफ्टमध्ये विभागणी झाली, साडेआठ आणि साडेअकरा. आणि नऊ तासांनंतर लॉगिन बंद करायचं, असा ईमेल गेला.

पहिला परिणाम

डिसेंबरअखेर रात्रीची जाग आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली. जानेवारी २०२१ मध्ये पट्टा सुटला. लघवीचा त्रास पुन्हा झाला नाही. सासूबाईंना माउस हलवावा लागत नव्हता. मला सर्वांत समाधान याच गोष्टीचं वाटलं.

दुसरी लाट

एप्रिल २०२१ मध्ये सगळं उलटं फिरलं. १४ तारखेपासून राज्यात कडक निर्बंध आले, रुग्णालयं भरली, क्लेमचा पूर आला. महिनाअखेर दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आयआरडीएआयने कोविडच्या कॅशलेस निर्णयाची मुदत दोन तासांवरून एका तासावर आणली. ज्यांच्या घरातला माणूस डिस्चार्जच्या कागदासाठी अडकून होता आणि ती खाट दुसऱ्याला हवी होती, त्यांच्यासाठी ते अत्यंत गरजेचं होतं. कंपनीने नऊ तासांची मर्यादा "दोन आठवड्यांसाठी" उठवली. शेवटची तारीख कुणी लिहिली नाही आणि जूनचा पहिला आठवडा उजाडला तरी मर्यादा परत आली नव्हती.

त्यातच यजमान पॉझिटिव्ह आले. सौम्य लक्षणं, घरीच विलगीकरण. दार लावता येईल अशी खोली एकच, बेडरूम. भिंतीवरची फळी त्याच खोलीत. बाई हॉलमध्ये परत शिलाई मशीनवर आल्या. यजमानांचं ताट दाराशी ठेवायचं, सासूबाईंची ऑक्सिमीटरवर नोंद घ्यायची, मुलाला लांब ठेवायचं, आणि मधे क्लेम. कंपनीची कोविड रजा बाधित कर्मचाऱ्यालाच होती, बाधिताची शुश्रूषा करणाऱ्याला नाही. रजा मागावी का, असं त्यांनी मला विचारलं. मागा, म्हणून मी ठामपणे सांगितलं. त्यांनी मागितली नाही. "माझ्या घरात हे चाललंय, तसंच क्यूमधल्या प्रत्येकाच्या घरात चाललंय," त्या म्हणाल्या. हा निर्णय त्यांचा होता आणि त्यामागचं मन मला कळत होतं. पण माणसाच्या अशा चांगुलपणावर कंपनीचं वेळापत्रक उभं राहणं मला मान्य नाही.

यजमान बरे झाले, सासूबाईंना लागण झाली नाही. जूनमध्ये हाताचं दुखणं पूर्वीपेक्षा जोरात परतलं. आता दिवसाही बोटं बधिर, बरणीचं झाकण फिरवताना पकड सुटायची. जुलैत नसेची तपासणी केली, दाब मध्यम स्वरूपाचा निघाला. अंगठ्याच्या मुळाचे स्नायू वाळलेले नव्हते, म्हणून शस्त्रक्रिया थांबवून मनगटात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन द्यायचं अस्थिरोगतज्ज्ञांनी ठरवलं. साखर उंबरठ्यावर असल्याने ती काही दिवस घरी मोजत राहिलो. इंजेक्शनचा गुण आला.

१५ ऑगस्टपासून लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली. ऑक्टोबरपासून त्या आठवड्यातून दोन दिवस ठाण्याला जाऊ लागल्या. २०२२ च्या सुरुवातीला एचबीए१सी ५.८ होतं. रात्रीची झोप लागते, पकड पूर्ण परत आलेली नाही. विश्रांतीचा कोड कंपनीत अजून आहे. २०२० मधल्या जादा तासांचे पैसे कुणालाच मिळाले नाहीत. २०२१ मधल्या काही शनिवारांची बदली रजा मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम चुकला, असं मला ठामपणे वाटतं. कंपनीने भत्ता आधी दिला आणि तास विचारले नाहीत. एचआरने लॉगिनचा रिपोर्ट एकदा आरोग्याच्या नजरेने बघितला असता तर एप्रिल-मे २०२० मध्येच कळलं असतं. माणसं सुस्त आहेत का, हे बघायला तो रिपोर्ट रोज उघडला जात होता. तीच माहिती माणसं थकली आहेत का, हेही सांगत होती. मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा अभ्यास आला. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्क्यांनी. मी हे आकडे आता पहिल्याच बैठकीत व्यवस्थापनापुढे ठेवते, कारण मनगटाकडे ते आजार म्हणून बघत नाहीत, पक्षाघाताकडे बघतात.

भत्ता द्यायचाच तर वस्तू निवडायच्या आधी घर बघायला हवं. फोनवर पाच मिनिटांत ते होतं. वेगळा कीबोर्ड, माउस आणि सुताराची फळी मिळून खुर्चीपेक्षा कमी पैसे लागले. मात्र घरातली जागा कधीही जाऊ शकते. कुणी आजारी पडलं, पाहुणे आले, मुलाची परीक्षा आली की ती आधी जाते. त्या दिवसांत कर्मचाऱ्याने कुठे बसायचं, किंवा बसायचंच नाही, हे आधी ठरलेलं असावं. शुश्रूषेची रजा त्याचाच भाग आहे.

आणि नऊ तासांची मर्यादा ईमेलमध्ये राहिली, रोस्टरच्या नियमात गेली नाही. म्हणून ती एका ईमेलने उठली. आणीबाणीत मर्यादा उठवावी लागेल, हे मी मान्य करते, कॅशलेस डेस्कवर तर नक्कीच. पण ती कोण उठवणार, किती दिवसांसाठी, त्या दिवसांत जादा माणसं कुठून येणार आणि जादा तासांचा हिशेब कोण ठेवणार, हे जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये, रुग्ण कमी होते तेव्हा लिहून ठेवायला वेळ होता. त्या दोन महिन्यांत मी कंपनीसोबत दोन बैठका घेतल्या. दोन्ही वेळा विषय खुर्च्यांच्या दुसऱ्या खरेदीचा होता.